झऱ्याचे पाणी आणि जमिनीची मालकी



हिमालयाचे नाव निघाले की डोळ्यांपुढे हिमनद्या आणि गंगा-यमुना उभ्या राहतात. परंतु हिमालयातील सामान्य माणूस गंगेचे पाणी पीत नाही. गंगा त्याच्या गावाखाली खोल दरीतून वाहत असते. त्याची घागर भरते ती डोंगरउतारावरच्या लहानशा झऱ्यावर. कुमाऊं-गढवालात त्याला नौला किंवा धारा म्हणतात, सिक्कीममध्येही धाराच म्हणतात. नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालानुसार देशात सुमारे ५० लाख झरे असून त्यांपैकी जवळजवळ ३० लाख हिमालयात आहेत. आणि हिमालयातील निम्मे झरे आटत चालले आहेत. हिमनद्यांची चिंता जागतिक परिषदांत वाहिली जाते. झरा आटला तर त्याची नोंद होते ती आणखी एक चढ चढून पाणी आणणाऱ्या स्त्रीच्या पायांत!

हवामान बदलले आहे यात शंका नाही. दिवसेंदिवस संथपणे पडणारा पाऊस आता थोड्या तासांत कोसळतो. हिवाळ्यातील पाऊस आणि बर्फ बेभरवशाचे झाले आहेत. कोसळलेले पाणी मुरत नाही, वाहून जाते. श्रावणात दरड घेऊन येणारे पाणी चैत्रात घोटभरही उरत नाही. परंतु सारा दोष आभाळाच्या माथी मारणे ही राज्यकर्त्यांची सोय आहे. रस्त्यांसाठी फोडलेले डोंगर, वीजप्रकल्पांचे बोगदे, बांजाच्या जंगलांची तोड आणि थंड हवेच्या ठिकाणांची बेसुमार वाढ ही माणसाचीच करणी होय. २०१८ च्या उन्हाळ्यात सिमल्याचे नळ कोरडे पडले, तेव्हा हे सर्वांना दिसले.

मग उपाय काय? त्याचे उत्तर सिक्कीमने कृतीने दिले आहे. तेथील दक्षिण व पश्चिम भागांतील अनेक गावे दार्जिलिंगच्या डोंगरांच्या पर्जन्यछायेत येतात. २००८ साली राज्याच्या ग्रामविकास खात्याने ‘धारा विकास’ कार्यक्रम सुरू केला. पुण्याची ‘ॲक्वाडॅम’ ही भूजलशास्त्रीय संस्था आणि डेहराडूनची लोकविज्ञान संस्था यांचे त्याला साहाय्य लाभले. ओढ्याचे पाणलोट जमिनीच्या उतारावरून ठरते. झऱ्याचे मात्र खडकांच्या थरांचा कल आणि त्यांतील भेगा यांवरून. त्यामुळे एका गावच्या झऱ्याचे पाणी डोंगरापलीकडच्या उतारावर मुरलेले असू शकते. ती जागा नेमकी शोधावयाची आणि तेथे चर व खड्डे खणून पाऊस अडवावयाचा, ही या कामाची पद्धत. गावातील तरुणांना खडक वाचावयास शिकविण्यात आले. खोदकामाची मजुरी २००५ च्या रोजगार हमी कायद्यातून मिळाली. प्रयोगासाठी निवडलेल्या झऱ्यांचा उन्हाळी प्रवाह मिनिटाला ४.४ लिटरवरून १४.४ लिटरवर गेल्याची नोंद आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची वाट धरली होती. त्याच हमीच्या तत्त्वाने पुढे सिक्कीमच्या डोंगरात पाणी मुरविले, हे मराठी कार्यकर्त्याने अभिमानाने आणि जबाबदारीने ध्यानात ठेवावे.

परंतु खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. पाणी मुरते ती जमीन एकाची, पाणी निघते ते गाव दुसऱ्याचे. वरचा मालक म्हणेल, ‘माझ्या शेतात चर कशाला?’ जमीन वनखात्याची असेल तर परवानगीचे कागद फिरत राहतील. वर एखादे हॉटेल उभे राहून त्याने कूपनलिका घेतली, तर खालच्या गावाने दाद कोणाकडे मागावी? १८८२ चा सुखाधिकार कायदा भूमीखालचे पाणी भूमीच्या मालकाच्या हाती देतो. याउलट, बियास नदीचा प्रवाह एका विश्रामगृहाच्या सोयीसाठी वळविल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये स्पष्ट केले की, अशी नैसर्गिक संपत्ती जनतेची ठेव असून शासन तिचे केवळ विश्वस्त आहे. झऱ्याच्या पाणलोटालाही हेच तत्त्व लागू झाले पाहिजे. २०१९ पासून जल जीवन मिशनने घरोघर नळ नेण्याचे काम चालविले. पण नळ म्हणजे पाणी नव्हे. उगम आटला तर तोटी ही भिंतीवरची शोभाच ठरेल.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा सार्वजनिक पाण्यावर प्रत्येक माणसाचा हक्क आहे हे ठणकावून सांगितले गेले. आज पाण्याच्या काठाबरोबरच त्याच्या उगमावरचा हक्कही मागावा लागेल. झऱ्यांची गाववार नोंद, पाणी मुरणाऱ्या जमिनीला कायद्याचे संरक्षण, तेथे चर खणू देणाऱ्या लहान शेतकऱ्याला मोबदला आणि पाण्याच्या वाटपाचा निर्णय ग्रामसभेत, स्त्रियांच्या बरोबरीच्या सहभागाने – या चार मागण्या डोंगरातील प्रत्येक गावाच्या आहेत. सह्याद्रीतील वाड्या-पाड्याही त्याला अपवाद नाहीत. कार्यकर्त्यांनी या मागण्या घेऊन डोंगर चढावा. पाऊस केव्हा आणि किती पडेल हे कोणाच्या हाती नाही. पडलेला पाऊस कोणासाठी मुरवावयाचा, हे मात्र लोकांनीच ठरवावयाचे आहे.