पानावरची काळी भुरी



विदर्भातील संत्रा-बागाईतदाराला ‘कोळशी’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. कोकणात तुडतुड्यांनी आंब्यावर चिकटा सांडला की मागोमाग पानांवर जी काजळी चढते, तीही त्याच गोत्रातली. ही बुरशी पानातले काही खात नाही. किडीने टाकलेल्या गोड चिकट्यावर ती जगते, पानाचे ऊन अडवते, आणि ओल्या फडक्याने पुसली तर निघून येते.

सह्याद्रीच्या सदाहरित रानात मात्र पानांवर दुसरेच काळे दिसते. वाटोळे, मखमली ठिपके. पुसले तरी सहज न निघणारे. आज आम्ही बोलणार आहोत ते या बुरशीविषयी. तिच्या प्रजातीचे नाव मेलिओला. दोन्हींचा रंग एक म्हणून उपायही एक समजणे चुकीचे ठरेल. कोळशीसाठी कीड मारावी लागते. मेलिओलाला किडीची गरजच नाही.

ती जगते कशी, हे पाहण्याची एक युक्ती मोठी मजेची आहे. ठिपक्यावर बिनरंगी नेलपॉलिश लावावे, वाळू द्यावे, आणि पापुद्रा अलगद उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. सारी वसाहत जशीच्या तशी दिसते. गडद तपकिरी तंतू पानावर पसरलेले असतात. तंतूंच्या कडेला दोन पेशींच्या आखूड गाठी असतात, खाली देठ आणि वर डोके. या गाठीच्या तळातून एक बारीक खुंटी पानाची त्वचा भेदून आत उतरते आणि पेशीतला रस शोषते. मेलिओलाचा सगळा संसार या गाठींवर चालतो. तंतूंवर ताठ काळे केस उभे असतात, आणि मधूनमधून काळी गोल फळे. फळांतील पिशव्यांत दोन ते चार बीजाणू असतात. पक्व बीजाणू तपकिरी, बहुधा चार आडपडद्यांचा, म्हणजे पाच पेशींचा.

१८२५ साली स्वीडनच्या फ्राइस यांनी ही प्रजाती स्थापिली. पुढे कित्येक वर्षे तिला पांढऱ्या भुरीच्या शेजारी बसवीत. ते नाते आता कोणी मानीत नाही. तिची खरी भावंडे निराळी. तंतूंवर केसच नसतील तर ती अ‍ॅस्टेरिडिएला. केस फळावर असतील तर आयरेनॉप्सिस. फळावर अळीसारखे लोंबते अवयव असतील तर अ‍ॅपेंडिक्युलेला.

खुद्द मेलिओलात जाती इतक्या, आणि एकमेकींसारख्या इतक्या, की १९२० मध्ये बेलजमचे बीली यांनी प्रत्येक जातीला आकड्यांचे सूत्रच देऊन टाकले. टिंबाआधीचे चार आकडे घडणीचे, नंतरचे चार मापांचे. जणू काही टपालाचा पत्ता! हॅन्सफर्ड यांचा १९६१ चा प्रचंड ग्रंथ आणि होसागौडर यांचा भारतीय जातींवरचा १९९६ चा ग्रंथ, दोन्हींनी हे सूत्र वापरले.

पण दोन निरनिराळ्या झाडांवरच्या बुरशींचे सूत्र एकच आले तर? तेथे अभ्यासक झाडाकडे पाहतात. ही बुरशी काचेच्या बशीत वाढविता येत नाही; जिवंत पानाखेरीज ती जगत नाही. म्हणून तिच्या जातीची ओळख यजमान झाडाच्या कुळाशी बांधलेली आहे. आमच्या मते हेच या वर्गीकरणाचे बळ आणि हेच त्याचे दुबळेपण. झाड ओळखण्यात चूक झाली की बुरशीचे नावही चुकते, आणि एकच जात दोन नावांनी ग्रंथात शिरते. उलट, एखाद्या देवराईतले शेवटचे झाड तुटले तर त्याच्याच पानावर जगणारी बुरशीही तेथून गेली, तिची नोंद झालेली असो वा नसो.

आपल्यापैकी कोणी पावसाळा सरल्यावर आंबोलीस वा महाबळेश्वरास गेलात आणि असे पान दिसले, तर नुसते पान खुडून आणू नका. गळून पडलेल्या डहाळीला फूल वा फळ असेल तर तीच उचला. जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवा, आणि स्थळ व तारीख त्याच कागदावर लिहा. पुण्याच्या आघारकर संस्थेत कवकांचा मोठा संग्रह आहे, आजरेकरांच्या नावाचा. अशा संग्रहात नमुना नेऊन दाखविलात, तर तेथील मंडळी आधी झाडाचे नाव विचारतील आणि मगच भिंग हाती घेतील.