चालत्या घराचे इंजिन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "अमेरिकेचे काहीतरी सांगा" असे फर्मान सोडले, तेव्हा मी जरा विचारातच पडले. तिकडची प्रेक्षणीय स्थळे वर्णन करणाऱ्या आपल्या मंडळात पुष्कळ आहेत, आणि फोटो तर सगळ्यांच्याच फोनमध्ये असतात. म्हणून मी ठरवले की जिथे पोचलो नाही, त्या प्रवासाचे सांगावे. त्यात माझी थोडी चूकही आहे. ती घरी कबूल करून झाली आहे. आज तुमच्यापुढे करते.

माझी कन्या आणि जावई कॅलिफोर्नियात असतात. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा जावईबापूंनी एक मोटारघर घेतलेले होते. तिकडे त्याला मोटरहोम म्हणतात. एस.टी.च्या गाडीहून जरा आखूड अशी ती गाडी. आत ओटा, शेगडी, शीतकपाट, चार-पाच जणांची निजायची सोय, न्हाणीघरसुद्धा. गाडी १९९५ सालची. म्हणजे आमच्या नातीपेक्षा अठरा वर्षांनी मोठी! नव्या मोटारघराची किंमत ऐकली तर घेरी येते, म्हणून साधी नोकरदार माणसे अशी जुनी घेतात. तिचे आठ सिलिंडरांचे भले थोरले इंजिन पुढच्या दोन खुर्च्यांच्या मधोमध, एका झाकणाखाली असते. त्या झाकणाला तिकडचे लोक 'कुत्र्याचे घर' म्हणतात. का ते मी विचारले, पण समाधानकारक उत्तर मिळाले नाही. वाटेत मी त्या झाकणावर डब्बा ठेवून सर्वांना धपाटे वाढले होते, एवढे मात्र सांगते.

बेत असा होता की लास वेगासवरून पुढे ग्रँड कॅन्यन बघायचे. ते बघायची हौस माझी. नातीला सुट्टी जुलैतच, त्यामुळे जुलै निवडला. आणि मधे पडते मोहावीचे वाळवंट. त्या रस्त्यावर बेकर नावाचे छोटे गाव आहे. तिथे १३४ फूट उंचीचा एक तापमापक उभा केला आहे. जवळच्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले ५६.७ अंश, तापमान नोंदले गेले, त्याची ती आठवण. आम्ही गेलो त्या दुपारी तिथला आकडा ११३ होता. म्हणजे ४५ अंश. आपल्याकडे विदर्भातल्या भगिनी म्हणतील, त्यात काय मोठेसे? खरे आहे. पण बेकरनंतर लगेच चढ लागतो. सुमारे ९०० फुटांवरून ४००० फुटांवर गाडी वीसेक मैलांत चढते. आपल्या बोरघाटासारखी वळणे नाहीत. सरळच्या सरळ, संपता संपत नाही असा चढ. अशा चढांच्या पायथ्याशी पाट्या लावलेल्या असतात की इंजिन तापू नये म्हणून वातानुकूलन बंद करा.

जावयांनी पाटी वाचून बटणाला हात घातला आणि मी म्हटले, "अहो, ह्यांना त्रास होईल, राहू द्या की जरा." ह्यांना मधुमेह आहे, दोन वेळा इन्सुलिन लागते, आणि त्या सकाळपासून ते जरा मलूल होते. जावई संकोची स्वभावाचे. सासूचा शब्द कसा मोडायचा? त्यांनी हात मागे घेतला.

सहा-सात मैलांवर काटा चढू लागला. तेव्हा मात्र त्यांनी कोणाला न विचारता थंड हवा बंद केली आणि उलट हीटर पूर्ण सोडला! त्या उन्हात पायाशी गरम झोत. मला वाटले, यांचे डोके फिरले. नंतर कळले की हीटर म्हणजे एक लहानसा रेडिएटरच. तो सोडला की इंजिनातली थोडी उष्णता आपल्या अंगावर येते आणि इंजिन तेवढे वाचते. पण उशीर झाला होता. झाकणाखालून 'फस्स' असा आवाज झाला आणि गोडसर वास सुटला. गाडी कडेला घेऊन त्यांनी इंजिन तत्क्षणी बंद केले.

आता इथे आमच्या घरात एक प्रसंग घडला. ह्यांनी ऐन उमेदीत जुनी मोटार चालवलेली. घाटात बॉनेट उघडून, फडके धरून झाकण सैल करायचे आणि पाणी ओतायचे, ही त्यांची सवय. ते टॉवेल घेऊन खाली उतरले आणि थेट रेडिएटरच्या झाकणाकडे. जावई ओरडले, "बाबा, हात लावू नका!" लग्नाला चौदा वर्षे झाली, पण त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. हे काही बोलले नाहीत. टॉवेल खांद्यावर टाकला आणि आत येऊन बसले.

जावयांचे बरोबर होते. तुम्हा सर्वजणींना हे एका वाक्यात समजेल: रेडिएटरच्या झाकणाचा दाब जवळजवळ आपल्या कुकराइतकाच असतो. आत पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, कारण ते दाबाखाली असते. शिट्टी न उतरवता कुकर उघडला तर काय होते? तेच इथे होते, फक्त पाणी वीस लिटर.

तासदीड तास थांबलो. रस्त्यावरून एवढाले ट्रक जात आणि आमचे घर गदगदा हलत असे. मोटारघराचा एक गुण असा की त्याला वीज करणारे वेगळे छोटे यंत्र असते. मोठे इंजिन मेले तरी त्यावर छतावरची थंड हवा चालते. ते चालू केले म्हणून आम्ही तगलो. पण शीतकपाटाने दगा दिला. त्यात आपल्या कपाटासारखा कॉम्प्रेसर नसतो. ते गॅसच्या ज्योतीवर चालते आणि गाडी सपाटीवर असली तरच नीट चालते. चढावर तिरके उभे राहून ते चालवले तर बिघडते. म्हणून ते बंद करावे लागले, आणि त्यात ह्यांच्या इन्सुलिनच्या कुप्या. उघडलेली कुपी ३० अंशांच्या आत असली तर चारएक आठवडे टिकते, पण ४५ अंशांत? कन्येने खणातला बर्फ पातेल्यात काढला, कुप्या बर्फाला चिकटू नयेत म्हणून माझ्या सुती पोलक्यात गुंडाळल्या आणि वर ताट झाकले. ती घरी कधी लवकर उठत नाही म्हणून मी नेहमी कुरकुरते. त्या दिवशी मी तिच्याकडे बघतच राहिले.

इंजिन निवल्यावर गाडीच्या टाकीतले पाणी हळूहळू ओतले. तापल्या लोखंडावर गार पाणी ओतले तर तडा जातो, म्हणून धीर धरला. सहा-सात लिटर पाणी बसले. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले, पण अंगात थंडी भरल्यासारखे थरथरत होते, आणि मागून पांढरा धूर. रेडिएटरमध्ये पाहिले तर बुडबुडे. ह्यांनी मौन सोडून म्हटले, "थोडे थोडे करत माथ्यापर्यंत जाऊ." जावयांनी शांतपणे किल्ली काढून खिशात टाकली. "बाबा, हेड गॅस्केट उडाले आहे. आता एक मैल जरी नेली तर इंजिनच जाईल."

हे गॅस्केट म्हणजे तरी काय? कुकराचे भांडे आणि झाकण यांच्यामध्ये जशी रिंग असते, तशी इंजिनाचा ठोकळा आणि वरचे हेड यांच्यामध्ये पातळ चकती असते. ती आगीला, तेलाला आणि पाण्याला आपापल्या वाटेने ठेवते. फार तापून हेड किंचित वाकले की चकती फाटते, मग आगीचा वायू पाण्यात आणि पाणी आगीत. तो पांढरा धूर म्हणजे पाण्याची वाफ, आणि गोड वास त्या पाण्यात घातलेल्या औषधाचा. ते औषध विषारी असते बरे का. गोड म्हणून जनावरे चाटतात. नातीला मी तिकडे फिरकू दिले नाही.

टोचन करणारी गाडी चार तासांनी आली. साध्या मोटारीसाठी घेतलेले मदतीचे सभासदत्व अशा गाडीला चालत नाही. मोठीचे वेगळे घ्यावे लागते, आणि ते जावयांनी घेतले होते. ओढत नेताना गाडीत माणसे बसू देत नाहीत, आणि ट्रकात जागा दोघांची. शेवटी त्या ट्रकवाल्याने फोन करून आपल्या पत्नीला बेकरहून मोटार घेऊन बोलावले. तिने ह्यांच्याकडे पाहिले आणि आधी थंड पाण्याची बाटली हातात दिली, मग नमस्कार-चमत्कार. मांडीवर पातेले घेऊन बसलेली मी तिला काय दिसले असेन कोण जाणे!

गाडी बार्स्टोला नेली. ते गाव साठ मैल मागे. तिथले बरेच मेकॅनिक मोटारघर घेतच नाहीत, कारण ते त्यांच्या छपराखाली मावत नाही. ज्याने पहिल्यांदा घेतले त्याने झाकणही न उघडता सांगितले, "इंजिन गेले. दुसरे बसवू, नऊ हजार डॉलर." गाडीच मुळी अकरा हजारांची! त्या रात्री मोटेलच्या खोलीत कन्या आणि जावई दबक्या आवाजात बोलत होते, आणि दबक्या आवाजातले भांडण भिंतीआड जास्त ऐकू येते. ती म्हणत होती, भंगारात द्या आणि मोकळे व्हा. साठवलेले पैसे मुलीसाठी आहेत. ते म्हणत होते, निदान झाल्याशिवाय मी काही ठरवणार नाही. मला झोप लागली नाही. ते बटण माझ्यामुळे चालू राहिले होते, आणि दोघांपैकी एकानेही माझे नाव काढले नव्हते.

पहाटे मी दार वाजवले आणि सांगितले, की चूक माझी, निम्मा खर्च आमचा. जावई म्हणाले, "आई, आधी तपासू तर द्या."

दुसऱ्या गॅरेजातल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने दोन तास नुसते तपासले. निळ्या औषधाची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरली. आतून इंजिनाचा जळका वायू येत असेल तर निळ्याचे पिवळे होते, तसे झाले. मग प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. सहा चांगले, शेजारशेजारचे दोन पडलेले; म्हणजे चकती त्या दोहोंच्या मध्ये फाटली. आणि मुख्य, त्याने तेलाची कांडी काढून दाखवली. तेलात पाणी मिसळले असते तर ते दुधाच्या चहासारखे दिसले असते. आमचे तेल स्वच्छ होते. म्हणजे खालचे इंजिन शाबूत. "तुम्ही वेळेवर बंद केलेत," असे तो जावयांना म्हणाला, आणि मी ते ह्यांना मराठीत मोठ्याने सांगितले.

त्याने खर्च सांगितला एकोणचाळीसशे. दोन्ही हेड उतरवायची, कारण एकाची चकती गेली तर दुसरीचा काय भरवसा. तडे तपासायचे, वाकलेले घासून सपाट करायचे. आमचे एक हेड केसाच्या जाडीहून थोडे अधिक वाकले होते, तडा नव्हता. मोटेलमधल्या एका गृहस्थाने सुचवले की बाटलीतले औषध ओता, गळती आपोआप बुजते. मेकॅनिक हसला. म्हणाला, गळतीबरोबर रेडिएटरही बुजतो.

आणि मूळ कारण? तेही त्यानेच शोधले. इंजिनाच्या पंख्याला एक क्लच असतो. इंजिन तापले की तो पंखा घट्ट धरतो आणि विमानासारखा आवाज येतो. सपाट रस्त्यावर वारा भरपूर, तेव्हा पंखा नसला तरी चालते. चढावर गती मंद, तेव्हाच त्याची गरज. आमचा क्लच निकामी झालेला होता, पंखा नुसताच गिरक्या घेत होता. शिवाय रेडिएटरच्या जाळीत अठ्ठावीस वर्षांची धूळ नि किडे. थंड हवेने इंजिनावर भार टाकला हे खरे, पण ती नसती तरी गाडी माथ्यापर्यंत गेली असती की नाही, हे त्याला सांगता येईना. मी विचारून पाहिले. दोनदा विचारले.

निम्मे पैसे मात्र ह्यांनी दिलेच. कन्या घेत नव्हती, तेव्हा ह्यांनी तिला सांगितले, "ते आईच्या बटणाचे."

तीन आठवड्यांनी गाडी मिळाली. ऑक्टोबरात नातीला चार दिवस सुट्टी होती, तेव्हा पुन्हा निघालो, या वेळी नीडल्स, किंगमनच्या वाटेने. कोलोरॅडो नदीपासून तिथेही मोठा चढ आहे. जावयांनी गिअर खाली घेतला, खिडक्या उघडल्या, आणि ह्यांना पुढे शेजारी बसवून काटा बघायचे काम दिले. हे दर दोन मिनिटांनी "ठीक!" म्हणत. पंख्याचा आवाज असा सुरू झाला की आम्हाला बोलता येईना, आणि तो आवाज ऐकून चौघांच्याही चेहऱ्यावर हसू आले. नातीला काही कळले नाही.

मुक्काम विल्यम्सला केला. सकाळी चांगलीच थंडी होती. ह्यांचे इन्सुलिन झाले, चहा झाला, आणि जावई हातात फडके घेऊन दाराशी आले. "बाबा, रात्रभर इंजिन निवले आहे. आता पाणी तुम्ही बघा." हे उठले, मफलर गुंडाळला, खाली उतरले आणि झाकण उघडून आत डोकावले. पाणी काठोकाठ होते.