भिंतीवरील काळी अक्षरे

ब्राझीलमधील साओ पाउलो या महानगरात प्रथमच येणाऱ्या माणसाची दृष्टी तेथील भिंतींवर खिळून राहते. उत्तुंग इमारतींच्या माथ्यापर्यंत काळी, लांबट, टोकदार अक्षरे उमटलेली दिसतात. ती बहुधा लिहिणाऱ्यांची किंवा त्यांच्या टोळीची नावे असतात. या लेखनास तेथे ‘पिशासांव’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेत ‘पिशे’ म्हणजे डांबर. 1964 ते 1985 या लष्करी राजवटीच्या काळात सत्तेविरुद्धच्या घोषणा डांबराने भिंतींवर लिहिल्या जात. ते नाव पुढेही टिकले.

राजवट गेली, पण लेखणी थांबली नाही. शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांतील तरुणांनी रॉक संगीताच्या तबकड्यांवरील अक्षरांचे वळण उचलले. त्या वळणाचे मूळ युरोपातील प्राचीन रून लिपीत होते. शिडी न घेता, एकमेकांच्या खांद्यांवर उभे राहून, हे तरुण रात्री इमारती चढत. काहींनी त्यात प्राणही गमावले. ज्या शहरात त्यांना कोणी ओळखत नव्हते, त्या शहराला ते आपले नाव वाचावयास लावीत होते. मात्र घराची भिंत पदरच्या पैशाने पुन्हा रंगविणाऱ्या गृहस्थाच्या लेखी हा निव्वळ उपद्रव होता, आणि त्याची तक्रार खोटी नव्हती. 1998 च्या कायद्याने या कृत्यास 3 महिने ते 1 वर्ष कैदेची शिक्षा ठरविली.

ऑक्टोबर 2008 मध्ये एक विलक्षण प्रसंग घडला. साओ पाउलोच्या विख्यात द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात संयोजकांनी एक संपूर्ण मजला हेतुपुरस्सर रिकामा ठेवला होता. उद्घाटनाच्या दिवशी सुमारे 40 तरुण आत शिरले व त्यांनी तेथील कोऱ्या भिंतींवर आपली अक्षरे लिहिली. एक तरुणी पकडली गेली. तिला 50 हून अधिक दिवस तुरुंगात काढावे लागले. आणि अवघ्या दोन वर्षांनी, 2010 मध्ये, त्याच प्रदर्शनाने पिशासांव लिहिणाऱ्यांना निमंत्रण देऊन त्यांच्या लेखनाची छायाचित्रे व चित्रफिती मांडल्या!

अक्षरे तीच होती, रंगही तोच होता. मग मधल्या दोन वर्षांत बदलले काय? पूर्वी जे अनाहूत आले, ते आता निमंत्रित झाले, एवढेच. 2011 च्या कायद्यानेही हीच रेषा आखली : मालकाच्या संमतीने रंगविलेले भित्तिचित्र गुन्ह्यातून वगळले, संमतीवाचून लिहिलेली पिशासांव गुन्हाच राहिली.

परंतु संमती मागितली, तर या लेखनाचा प्राणच जातो, असे हे तरुण मानतात. 2012 मध्ये बर्लिनच्या कलाप्रदर्शनाने त्यांना एका जुन्या चर्चच्या इमारतीत प्रात्यक्षिकासाठी बोलाविले. नेमून दिलेली जागा सोडून ते इमारतीच्या भिंतींवरच चढले आणि लिहू लागले. अखेर पोलिसांना पाचारण करावे लागले.

कलादालनाने या अक्षरांना मान दिला, हे खरे. तथापि तो मान आधी मिळाला असता, तर त्या तरुणीचे पन्नास दिवस वाचले असते काय, हा प्रश्न कोणत्याही प्रदर्शनाने अद्याप भिंतीवर टांगलेला नाही.