लेकराचा श्वास आणि गावाची तयारी

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलायचेच आहे. त्याआधी पाच मिनिटे आम्ही दुसऱ्या एका गोष्टीसाठी मागतो आहोत.

काही लेकरांच्या गळ्याला भोक पाडून श्वासासाठी नळी बसवलेली असते. डॉक्टर त्याला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. नाक हवा गाळते, ओलसर करते. नळीतून ती कोरडीच आत जाते. कफ घट्ट होतो, नळी तुंबते. अशा बऱ्याच लेकरांचा रडतानाही आवाज फुटत नाही. शेजारच्या खोलीत कळतसुद्धा नाही. श्वास अडला तर हातात मिनिटे असतात, आणि तेवढ्यात तालुक्याचा दवाखाना गाठता येत नाही. पहिला इलाज घरातच हवा.

फवारणीला निघताना आपण जादा नोझल खिशात टाकतो. मग लेकराच्या श्वासाला जादा नळी नको? एक त्याच मापाची, एक त्याहून लहान. मोठी आत जाईना तर लहान कामी येते. सोबत नळी बांधायचे बंद, कात्री, कफ ओढायच्या नळ्या, हाताने दाबायची श्वासाची पिशवी. सगळे एका थैलीत, आणि लेकरू जाईल तिथे थैली.

कफ ओढायचे यंत्र विजेवर चालते, आणि आपल्याकडची वीज तुम्हाला माहीत आहे. बॅटरीचे यंत्र रोज चार्ज करा. शिवाय हाताने किंवा पायाने चालणारे एक जवळ ठेवा. मळणीची धूळ आणि फवारा यांपासून लेकरू दूर ठेवा.

बहुधा हे सगळे एकट्या आईला येते. ती वेचणीला गेली तर? घरात निदान दोघे शिकलेले हवेत. कफ ओढणे, नळी बदलणे, नळीतून किंवा भोकातून श्वास देणे, हे दवाखाना सोडण्याआधी डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने करून पाहा. नळीचे माप आणि दवाखान्याचा नंबर भिंतीवर लिहा. अडचण येताच एकाने इलाज सुरू करावा, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. ‘लेकराच्या गळ्यात नळी आहे’ हे आधी सांगावे.

आम्ही भीक मागत नाही. जादा नळी आणि यंत्र हाती दिल्याशिवाय अशा लेकराला सरकारी दवाखान्यातून घरी पाठवू नये, ही आपली मागणी आहे. तोवर प्रत्येक गावशाखेने असे घर माहीत करून घ्यावे आणि रात्री कोणाची गाडी निघेल ते आजच ठरवावे.

आता कापसाकडे वळू.