डांबरी रस्ता आणि गोगाबाबा टेकडी



मी सातवी शिकलेली, घरसंसारातली बाई. भाषणाची सवय नाही. चूकभूल पदरात घ्यावी.

दोन वर्षे मी पहाटे डांबरी रस्त्यावर पळते. पाच किलोमीटर न थांबता पळू लागले, तेव्हा वाटले, विद्यापीठामागची गोगाबाबा टेकडी ती काय! पहिल्याच चढाला छाती भात्यासारखी हलू लागली, आणि उतरताना मुरुमावरून घसरून गुडघा फुटला. सासूबाई म्हणाल्या, "या वयात हाडे मोडून घेऊ नकोस." पंधरा दिवस घरी बसले.

पुन्हा गेले ती शहाणी होऊन. रस्त्यावरचा वेग चढावर धरू नये. पावले आखूड टाकावीत. दम लागला की सरळ चालावे, त्यात कमीपणा नाही. दगा देतो तो उतार. भीतीने मागे रेलून टाच रोवली की पाय निसटलाच! गुडघे किंचित वाकवून, नजर चार पावले पुढे ठेवून, लहान पावलांनी उतरावे. बूट खाचदार तळाचे हवेत. घड्याळ तर पाहूच नये.

साताऱ्याला २०१२ सालापासून यवतेश्वराच्या घाटात एकवीस किलोमीटरची शर्यत होते. तिथे रस्ता डांबरी, पण आधी चढ आणि मग उतार. एकदा तिथे जावे असे मनात आहे. घरात अजून बोलले नाही, इथेच प्रथम सांगते.

रविवारी पहाटे सहाला मी टेकडीच्या पायथ्याशी असते. कुणी येणार असाल तर दहा मिनिटे वाट पाहीन.