मेळाव्याचे नियोजन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता
(म्हसवड परिसरातील शेतकरी गटांपुढे दिलेल्या व्याख्यानावरून)



पिकांवर बोलणाऱ्या माणसाने मेळाव्याच्या नियोजनावर का बोलावे, असे आपणास वाटणे साहजिक आहे. परंतु आता गावोगावी शेतकरी गट व उत्पादक कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. शिवार फेरी, पीक प्रात्यक्षिक, जनावरांचे प्रदर्शन हे कार्यक्रम गटच भरवितात आणि त्याची सगळी जुळवाजुळव दोन-तीन उत्साही मंडळींच्या अंगावर पडते. त्यातील पुष्कळजण हल्ली मोबाईलवर कृत्रिम बुद्धिमत्तेला, म्हणजे एआयला, विचारून कामाला लागतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, पाठोपाठ जेमिनी व इतर साधने आली. ती मराठीत विचारले की मराठीत उत्तर देतात. आपल्या राज्यानेही जून २०२५ मध्ये शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले. तेव्हा हे साधन वापरावे की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते कोणत्या कामाला जुंपावे, एवढेच ठरवायचे आहे.

एक उदाहरण घेऊ. रब्बी ज्वारीची शिवार फेरी आणि त्याला जोडून खिलार जनावरांचे लहानसे प्रदर्शन भरवायचे आहे. ३०० शेतकरी येतील, ६० जनावरे येतील. अशा एका साधनाला मी मुद्दाम मोघम प्रश्न विचारला, "म्हसवडजवळ शेतकरी मेळावा घ्यायचा आहे, आराखडा द्या." अर्ध्या मिनिटात दोन पाने आराखडा आला. दिसायला सुरेख. तारीख नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातील सुचविली होती, कारण हवा आल्हाददायक असते. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार व भाषणे यांना अडीच तास दिले होते आणि शिवार फेरीला दुपारी एक ते पावणेदोन. (यात सगळा दोष यंत्राचा नाही. आपले बहुतेक मेळावे असेच होतात, तेच ते शिकले असणार.)

आता तारखेचे पाहा. कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात होते. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शेतकऱ्याला दाखवायला कणीसच नसते. हलक्या जमिनीतील फुले अनुराधा, मध्यम जमिनीतील फुले सुचित्रा आणि शेजारी मालदांडी ३५-१ असे वाण उभे करून फरक दाखवायचा असेल, तर दाणे भरत आलेले असताना, म्हणजे साधारण जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लोकांना बोलवावे. कणसाचा भरणा, दाण्याचा टपोरेपणा आणि कडब्याची उंची तेव्हाच डोळ्यांना दिसते.

दुसरे म्हणजे सिद्धनाथाची यात्रा. म्हसवडचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघतो, हे येथील लहान मुलालाही ठाऊक आहे. ही तिथी २०२४ साली २ डिसेंबरला होती, २०२५ साली २१ नोव्हेंबरला. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्याने ती पुन्हा डिसेंबरात जाते. यंत्राने सुचविलेला आठवडा २०२५ साली नेमका रथाचा आठवडा होता! त्या दिवशी आपल्या ज्वारीकडे कोण येणार? पुढे मार्गशीर्ष वद्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा आणि खिलार जनावरांचा बाजार असतो. चांगली जनावरे तिकडे जातात. म्हणून तारीख पंचांग पाहून आणि पीक पाहून आपण ठरवावी व ती साधनाला सांगावी. साधनाकडून तारीख घेऊ नये.

मग त्याचा उपयोग कोठे? हिशेबात, वेळापत्रकात आणि लिखापढीत. तेथे ते खरोखर कष्ट वाचविते. मात्र हिशेबाला आकडे आपण पुरवावे लागतात. मोघम प्रश्नाच्या आराखड्यात ५,००० लिटरचा एक पाण्याचा टँकर लिहिला होता. माणशी पिणे, हात धुणे व स्वयंपाक मिळून १० लिटर धरले तर ३०० माणसांना ३,००० लिटर लागतात. टँकर पुरून उरतो. पण जनावरांचे काय? मोठ्या जनावराला दिवसाला सुमारे ५० लिटर धरले तरी ६० जनावरांना आणखी ३,००० लिटर लागतात. एकूण ६,००० झाले आणि टँकर अपुरा पडला. जनावरे येणार हे मी सांगितलेच नव्हते, त्यामुळे त्याने ती धरली नाहीत. सांगितल्याबरोबर त्याने पाण्याचा हिशेब दुरुस्त केला आणि १५ किलोप्रमाणे ९०० किलो हिरवा चाराही मांडून दिला. २०१९ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनच्या छावणीत हजारो जनावरे होती. तेथे राहिलेल्या माणसाला हा हिशेब तोंडपाठ असतो. यंत्राला तो सांगावा लागतो. पर्जन्यछायेच्या मुलखात टँकर चुकला की दुपारी दुसरा मिळत नाही, हेही त्याला ठाऊक नसते.

यासाठी प्रश्न विचारण्यापूर्वी वहीचे एक पान भरावे. कोणते गाव, कोणाच्या शेतात, वाट किती रुंद, सावली कोठे, एस.टी. किती वाजता येते व शेवटची कधी जाते, आठवडे बाजाराचा वार कोणता, माणसे किती, जनावरे किती, वीज कोणत्या वेळेला असते, हे सारे त्यात असावे. फेरी सकाळी नऊच्या आत सुरू करायची आहे आणि भाषणांना एकूण ४० मिनिटेच आहेत, हेही स्पष्ट लिहावे. ते पान जसेच्या तसे साधनाला द्यावे आणि कोणते काम कोणत्या दिवशी व कोणाकडे असे वेळापत्रक मागावे. शेवटी एक प्रश्न हटकून विचारावा, "यात माझ्याकडून काय सांगायचे राहिले?" या प्रश्नाला ही साधने बरी उत्तरे देतात. प्रथमोपचार, महिलांसाठी स्वच्छतागृह, ऊन लागल्यास व्यवस्था या बाबी बहुधा तेथूनच लक्षात येतात.

तरीही एक काम त्याला सोपवू नये. ते म्हणजे जागा पाहणे. आपल्याकडे शेतात कठडा नसलेल्या विहिरी आहेत. बांधावरून एकामागून एक चालणारी ३०० माणसे, मध्येच बुजलेला खोंड आणि बाजूला उघडी विहीर. हे चित्र यंत्रापुढे उभे राहत नाही. २५ जानेवारी २००५ रोजी आपल्याच जिल्ह्यात मांढरदेवी येथे चेंगराचेंगरीत जवळपास ३०० भाविक मृत्युमुखी पडले. तेव्हा ही साधने नव्हती. परंतु २०२५ च्या प्रयागराज कुंभमेळ्यात गर्दी मोजणारे एआय कॅमेरे होते, वाट सांगणारे संभाषण यंत्र होते, आणि तरीही २९ जानेवारीला मौनी अमावास्येच्या पहाटे चेंगराचेंगरी होऊन शासकीय आकडेवारीप्रमाणे ३० जण दगावले. कॅमेरा गर्दी दाखवितो. वाट मोकळी करावी लागते ती माणसांनीच. आपला मेळावा लहान असला तरी आदल्या दिवशी दोघांनी फेरीची वाट स्वतः चालून पाहावी, विहिरीभोवती बांबू व दोर बांधावा, ५० जणांची एक अशा सहा तुकड्या कराव्यात आणि जनावरांची वाट वेगळी ठेवावी.

जनावरांच्या आरोग्याबाबतही साधनावर विसंबू नये. २०२२ साली लम्पी त्वचारोगामुळे राज्यात जनावरांचे बाजार व प्रदर्शने बंद ठेवावी लागली होती. आज आपल्या भागात निर्बंध आहे की नाही, हे पशुवैद्यकीय दवाखान्यातच विचारावे. लाळ्या-खुरकूत व लम्पीची लस किमान एक महिना आधी टोचलेली असावी आणि कानात १२ अंकी बिल्ला असलेल्या जनावरालाच प्रवेश द्यावा.

आता निमंत्रणाविषयी. यंत्राचे मराठी शुद्ध असते, पण "शाश्वत कृषी परिवर्तनाच्या या मंगल पर्वात" असे वाचून माणदेशातील माणूस घरीच बसेल. मसुदा त्याच्याकडून घ्यावा आणि आपल्या तोंडच्या भाषेत पुन्हा लिहावा. कोणते वाण दिसतील, किती वाजता, कोणाच्या वस्तीवर, एवढे पुरे. तोच मजकूर माणदेशी तरंग रेडिओवर द्यावा. ज्यांच्याकडे मोबाईल आहे पण वाचायला सवड नाही, त्यांच्यापर्यंत तो पोचतो.

वाटावयाच्या घडीपत्रिकेत औषधांची मात्रा छापायची असेल तर ती साधनाकडून मुळीच घेऊ नये. ही साधने ठामपणे चुकीचा आकडा सांगतात, नसलेल्या योजनेचे नाव व नसलेला दूरध्वनी क्रमांकही देतात. मात्रा विद्यापीठाच्या कृषिदर्शनीतून घ्यावी आणि छापण्यापूर्वी सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवावी. तसेच सभासदांचे मोबाईल व आधार क्रमांक, बँक खाती यांची यादी साधनात भरू नये. नावांऐवजी "सभासद १, सभासद २" लिहिले तरी वेळापत्रक तयार होते.

मेळावा संपला की त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवावे. प्रत्यक्ष माणसे किती आली, पाणी किती उरले किंवा कोठे संपले, फेरी किती वाजता सुटली, कोणत्या वाणापाशी लोक जास्त वेळ थांबले. पुढच्या वर्षी हे पान साधनाला सर्वांत आधी द्यावे.