जीभ : प्रकृतीचा आरसा
(मंडळाच्या वर्धापनदिनी विवळवेढे येथे दिलेले भाषण)



आपल्या महालक्ष्मीच्या चैत्री यात्रेत बायका ओटी भरतात आणि घरादारासाठी आरोग्य मागतात. स्वतःसाठी मागायचे तेवढे राहून जाते. म्हणून आज बिनखर्चाची एक गोष्ट सांगते. सकाळी उजेडात आरशापुढे उभे राहून आपली जीभ पाहावी.

जुन्या वैद्यांच्या अष्टविध परीक्षेत नाडीबरोबर जिव्हाही असे. निरोगी जीभ गुलाबी, ओलसर व किंचित खरखरीत असते. वर पातळ पांढरा थर पुष्कळांना असतो. त्याची धास्ती नको. जुलाब होणाऱ्या मुलाची जीभ सुकली, तर अंगातले पाणी कमी झाले असे समजून मीठ-साखरेचे पाणी पाजावे व दवाखाना गाठावा.

जीभ फिकट पडली, किंवा लाल, गुळगुळीत होऊन तिखट झोंबू लागले, तर रक्त कमी असल्याचा संशय घ्यावा. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज बाई मुंबईस आल्या. तेथील गरीब गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या बायकांना गुण येतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी अंश म्हणजे फॉलिक ॲसिड. गरोदरपणी आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत तेच असते. आपल्याच मुंबईच्या बायकांच्या दुखण्यातून लागलेला हा शोध. ती गोळी आपण फडताळात टाकून द्यावी काय?

गरोदरपणी १८० दिवस व बाळंतपणानंतर १८० दिवस ती घ्यायची असते. चहाबरोबर घेऊ नये. शौचास काळे झाले तरी भिऊ नये. जेवणात शेवग्याचा पाला, कडधान्ये आणि वर लिंबू असावे.

मात्र जीभ फक्त इशारा देते. निर्णय रक्त तपासूनच होतो. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली असू नये. आपल्याकडच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलचा आजारही आढळतो. त्याचीही तपासणी करून घ्यावी.

आता मिश्रीविषयी. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. जिभेच्या कडेला किंवा खाली चट्टा अथवा व्रण दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तो दुखत नसला तरी डॉक्टरांना दाखवावा. कर्करोग लवकर कळला तर बरा होण्याची आशा मोठी असते.

भगिनींनो, घरी गेल्यावर जी सर्वांच्या मागून जेवते, तिची जीभ आधी पाहा.